पीएफ सल्लागार म्हणून स्वतःचा व्यवसाय सुरू करताना : नवोदितांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागात किंवा जुन्या लेबर कन्सल्टंटच्या हाताखाली काही वर्षे काढल्यानंतर आता स्वतःच्या नावाने भविष्य निर्वाह निधीची कामे घ्यावीत, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील लहान-मध्यम कारखान्यांची ही कामे मी अनेक वर्षे करीत आहे. कायद्यातील कलमे, दर आणि मुदती यांची माहिती कोणालाही मिळवता येते. परंतु हे काम धंदा म्हणून कसे चालवायचे, कोणते काम किती पैशांना घ्यायचे आणि कोणत्या कामाला हात लावायचा नाही, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. मालकाच्या दृष्टीने आपण दरमहा रिटर्न भरणारे असतो आणि तेवढ्याच कामाचे तो पैसे देतो. प्रत्यक्षात आपला वेळ जातो तो कामगारांच्या नोंदी दुरुस्त करण्यात. या दुरुस्तीच्या कामाची किंमत ज्याने आधी ठरवली, त्याचा व्यवसाय टिकतो. ज्याने ती मासिक शुल्कात गृहीत धरली, त्याच्याकडे ग्राहक वाढत जातात आणि हातात काही उरत नाही. पुढील बहुतेक टप्पे या एकाच कारणासाठी लिहिले आहेत.

१. आपण काय करणार आणि काय करणार नाही, हे ठरवा

पीएफ सल्लागार होण्यासाठी कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे या व्यवसायात शिरणे सोपे आहे, आणि दर पाडणारे लोक भरपूर असण्याचे कारणही तेच आहे. पीएफबरोबर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), व्यवसाय कर आणि महाराष्ट्र कामगार कल्याण निधी ही कामे एकत्रच येतात, कारण ग्राहकाला चार माणसे नको असतात. ती घ्यावीत; पगारपत्रक एकच असल्याने त्यांचा फारसा जादा भार पडत नाही.

दोन कामे मात्र हद्दीबाहेर ठेवावीत. पहिले, गुंतवणुकीचा सल्ला. "निवृत्तीनंतरचे पैसे कुठे ठेवू?" असे कामगार आणि मालक दोघेही विचारतात, परंतु शुल्क घेऊन गुंतवणूक सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. कंपनीला कर्मचाऱ्यांसाठी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सुरू करायची असेल, तर ती पॉइंट ऑफ प्रेझेन्स म्हणून नोंदलेल्या बँक किंवा संस्थेमार्फतच होते. आपण कागदपत्रे जुळवून देण्यापुरते सोबत राहावे. दुसरे काम म्हणजे न्यायाधिकरणातील अपील. चौकशीत हिशोब मांडणे आपले काम आहे, पण आदेशाविरुद्ध केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणात जायचे ठरले, की ते काम कामगार कायद्याच्या वकिलाकडे सोपवावे.

कामगारांकडून पैसे घेण्याचा मोहही टाळावा. पीएफ काढण्याचे अर्ज भरून देण्यासाठी अनेक ठिकाणी कामगारांकडून रक्कम घेतली जाते. ईपीएफओची, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेची, ही सेवा विनाशुल्क आहे आणि आपण मालकाचे सल्लागार आहोत. उद्या त्याच कामगाराने मालकाविरुद्ध तक्रार केली, तर दोन्ही बाजूंकडून पैसे घेतलेल्या माणसाची अवस्था अवघड होते.

२. स्वतःच्या कार्यालयाची कागदपत्रे

याला फार वेळ लागत नाही. पॅन, व्यवसायाच्या नावाचे चालू खाते, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खालील ऑनलाइन सूचना, उद्यम नोंदणी आणि व्यवसाय कराचे नावनोंदणी प्रमाणपत्र एवढे पुरेसे आहे. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये भरावा लागतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली, की जीएसटी नोंदणी सक्तीची होते आणि शुल्कावर १८ टक्के कर लावावा लागतो. लहान ग्राहकांपैकी अनेकांना त्या कराचा परतावा मिळत नाही, म्हणून त्या टप्प्याजवळ पोहोचताना ग्राहकांना एक वर्ष आधी कल्पना द्यावी. शुल्कातून टीडीएस कापणारे ग्राहक कोणते आणि तो आपल्या पॅनवर प्रत्यक्ष जमा झाला का, हे दर तिमाहीला पाहावे.

३. आकडे तोंडपाठ असू द्यात

ग्राहकासमोर बसल्यावर मोबाइलमध्ये शोधाशोध करणारा सल्लागार विश्वास कमावू शकत नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात, आणि एकदा लागू झाल्यावर संख्या घटली म्हणून सुटका होत नाही. ईएसआयसाठी महाराष्ट्रात दहा माणसे आणि २१,००० रुपयांपर्यंतचे वेतन ही मर्यादा आहे.

पीएफसाठी वेतनाची वैधानिक मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. त्या वेतनावर हिशोब असा होतो : कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० रुपये पीएफमध्ये. विमा योजनेचे ०.५ टक्के म्हणजे ७५ रुपये; आणि प्रशासकीय आकार ०.५ टक्के म्हणजे आणखी ७५ रुपये. एकूण ३,७५० रुपये. हाच कामगार १८,००० रुपयांच्या पूर्ण वेतनावर वर्गणी भरत असेल, तर कामगाराचे २,१६० रुपये होतात, पेन्शनचे १,२५० तसेच राहतात, मालकाचा फरक, म्हणजे पेन्शन वजा जाता पीएफमध्ये जाणारी रक्कम, ९१० रुपयांवर जातो, विमा ७५ रुपयेच राहतो आणि प्रशासकीय आकार ९० रुपये होतो, बेरीज ४,४८५. ही दोन उदाहरणे कागदावर स्वतः मांडून पाहावीत, कारण मालक नेमका हाच प्रश्न विचारतो की "माझ्या खिशातून किती जाणार?" प्रशासकीय आकार आस्थापनेमागे महिन्याला किमान ५०० रुपये आहे, हेही त्याला सांगावे, सहा-सात माणसांच्या आस्थापनेला तो खटकतो.

वर्गणी नेमकी कोणत्या वेतनावर कापायची, हा या व्यवसायातील सर्वांत जुना वाद आहे. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून उरलेली रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विभागण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत होती. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते वर्गणीच्या वेतनातच धरावे लागतील, असा निर्णय दिला. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या असून, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर वर्गणी भरणाऱ्याला याने सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्यांचे मूळ वेतन मुद्दाम सहा-सात हजारांवर ठेवले आहे त्यांच्या बाबतीत. असा ग्राहक आला, तर वेतनरचना बदलण्याचा सल्ला लेखी द्यावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

४. ग्राहक स्वीकारण्यापूर्वी त्याची जुनी नोंद तपासा

नवीन सल्लागार बहुधा येथेच फसतो. ग्राहक आधीच्या सल्लागाराला सोडून आपल्याकडे आला याचा आनंद होतो आणि पुढच्या महिन्याचे रिटर्न आपण भरून टाकतो. त्या क्षणापासून आधीचा सगळा गोंधळ आपल्या नावावर चढतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी पुढील कागद मागवावेत :

– आस्थापनेचे कोड वाटपाचे पत्र आणि मालकीच्या तपशिलाचा फॉर्म ५-ए
– मागील किमान चोवीस महिन्यांचे ईसीआर (दरमहाचे ऑनलाइन पीएफ रिटर्न) आणि भरलेली चलने
– त्याच महिन्यांचे हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि बँकेतून पगार वर्ग झाल्याचा तपशील
– सध्याच्या सर्व कामगारांची यादी : यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक), रुजू दिनांक, आधार, पॅन व बँक जोडणीची स्थिती
– रुजू होताना घेतलेली फॉर्म ११ ची घोषणापत्रे
– आजवर आलेल्या नोटिसा आणि त्यांना दिलेली उत्तरे
– कंत्राटदारांची यादी, त्यांचे कोड क्रमांक आणि चलने

यातील अर्धे कागद मिळत नाहीत. कोणते मिळाले नाहीत, याची यादी करून ग्राहकाकडून सही घ्यावी. काम सुरू करण्यास हरकत नाही, पण त्या दिवशी काय हाती आले आणि काय नाही, याची नोंद हवी.

कागद हाती आले, की सगळे वाचत बसण्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पगारपत्रकातील माणसे आणि ईसीआरमधील माणसे यांची संख्या जुळते का. दुसरी, ५८ वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराच्या नावे पेन्शनचे १,२५० रुपये अजून जात आहेत का. वयाच्या ५८ नंतर ती रक्कम पीएफमध्ये जायला हवी. तिसरी, १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफमध्ये आलेला आणि रुजू होतानाच १५,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन असलेला कर्मचारी. असा कर्मचारी पेन्शन योजनेचा सदस्य होऊ शकत नाही आणि मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जायला हवेत. पण पगाराचे सॉफ्टवेअर सगळ्यांना सरसकट १,२५० लावते. ही चूक सहा-सात वर्षांनी त्या कर्मचाऱ्याने नोकरी बदलल्यावर किंवा पैसे काढायला घेतल्यावर उघड होते, आणि तोवर प्रत्येक महिन्याची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवण्याचे किचकट काम साचलेले असते. चौथी गोष्ट, "याचा पगार पंधरा हजारांवर आहे, म्हणून पीएफ नाही" असे सांगून वगळलेले लोक. ते आधीच्या नोकरीत सदस्य होते का, हे फॉर्म ११ वरून कळते. असतील, तर त्यांना वगळता येत नाही.

अलीकडे एक वेगळा प्रकारही भेटतो. फेब्रुवारी २०२० पासून नवी खासगी कंपनी नोंदवतानाच पीएफ आणि ईएसआयचे कोड आपोआप मिळतात. दोन संचालक आणि एक मदतनीस एवढीच माणसे असलेला मालक घाबरून येतो आणि दरमहा रिटर्न भरून द्या म्हणतो. कोड मिळाला म्हणजे वर्गणी सुरू झाली, असे नाही. आवश्यक संख्या पूर्ण झाल्यावर अनुपालन सुरू होते. त्याला हे सांगून परत पाठवावे. आजचे शुल्क बुडते, पण वीस माणसे झाली की तो आपल्याकडेच येतो.

५. करारपत्र आणि शुल्क

करारपत्र दोन पानांचे असले तरी चालेल, मात्र ते असलेच पाहिजे. त्यात कामाची यादी, ग्राहकाने माहिती देण्याची तारीख, शुल्क, जुन्या कालावधीची जबाबदारी आणि काम सोडण्याची पद्धत असावी. "माहिती ५ तारखेपर्यंत न मिळाल्यास विलंबाची जबाबदारी सल्लागारावर राहणार नाही" हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्या स्वतःचा करार पुढे करतात आणि त्यात सर्व दंडाची भरपाई सल्लागाराने करावी, असे कलम असते. ते तसेच स्वीकारू नये. फार तर आपल्या चुकीमुळे झालेल्या दंडापुरती आणि वार्षिक शुल्काच्या मर्यादेत जबाबदारी घ्यावी.

शुल्काचे तीन भाग करावेत. मासिक कामाचे शुल्क हा पहिला भाग, आणि त्यात ठरावीक संख्येपर्यंत किमान रक्कम व त्यापुढे माणशी दर ठेवावा. केवळ माणशी दर ठेवला, तर दहा-बारा माणसांचा ग्राहक परवडत नाही, कारण दहा माणसांच्या चलनाला लागणारा वेळ पन्नासांच्या चलनाच्या निम्म्याहूनही कमी नसतो. जुन्या नोंदींच्या दुरुस्तीचे एकरकमी किंवा प्रतिप्रकरण शुल्क हा दुसरा भाग. चौकशी, तपासणी आणि सुनावणीचे शुल्क हा तिसरा, आणि ते प्रत्येक तारखेला वेगळे.

हे आकड्यांत पाहू. समजा, पंचवीस कामगारांच्या एका वर्कशॉपचे काम महिन्याला २,५०० रुपयांना घेतले आणि हजेरी मिळवण्यापासून चलन पोहोचवण्यापर्यंत पाच तास गेले, तर तासाला ५०० रुपये पडले. त्याच महिन्यात दोघांची नावदुरुस्ती आणि एकाची नोकरी सोडल्याची तारीख नीट करण्यात आणखी पाच तास गेले, की तोच दर २५० वर येतो. अशी प्रकरणे अधूनमधून आली तर हरकत नसते, पण ती दर महिन्याला येतात. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक ग्राहकामागे किती वेळ गेला, याची साधी वही ठेवावी. दर वाढवण्याची बोलणी करताना बाजारभावापेक्षा ही वही जास्त कामी येते.

दोन प्रकारचे शुल्क कधीही घेऊ नये. थकबाकी कमी करून दिल्यास वाचलेल्या रकमेच्या टक्केवारीत शुल्क घेणे हा पहिला प्रकार. त्यात आपण ग्राहकाच्या हिशोबात स्वतः भागीदार होतो आणि निःपक्ष सल्ला देऊ शकत नाही. दुसरा म्हणजे "साहेबांचे बघून घ्या, जे काय होईल ते एकत्र सांगा" अशी ठोक रक्कम. लाच देणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि तशा पैशाची वाट एकदा आपल्या कार्यालयातून गेली, की ग्राहक पुढच्या प्रत्येक अडचणीला तीच वाट विचारतो. असा ग्राहक पहिल्याच भेटीत नाकारणे स्वस्त पडते.

६. लॉगिन, डिजिटल सही आणि ग्राहकाचे पैसे

अनेक जुन्या सल्लागारांकडे कपाटात पंधरा-वीस ग्राहकांच्या डिजिटल सहीचे टोकन ठेवलेले असतात आणि नियोक्त्याच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांकही सल्लागाराचाच असतो. सोय म्हणून हे सुरू होते. परंतु त्या सहीने मंजूर झालेल्या प्रत्येक केवायसीला आणि प्रत्येक दाव्याला कायद्याच्या दृष्टीने मालकाची संमती असते, आणि उद्या वाद झाला तर टोकन कोणाच्या ताब्यात होते, एवढाच प्रश्न विचारला जातो. मोबाइल क्रमांक आणि ईमेल ग्राहकाच्याच माणसाचे ठेवावेत. ओटीपीसाठी दर वेळी फोन करावा लागतो, हे खरे आहे. तो त्रास सोसावा. मंजुरीसाठी आठवड्यातील एक वार आणि वेळ ठरवून त्या वेळी ग्राहकाच्या माणसाने सही करावी, अशी पद्धत लावली की वेळही फारसा जात नाही.

पैशांच्या बाबतीत तर तडजोड नकोच. ग्राहकाने वर्गणीची रक्कम आपल्या खात्यात पाठवायची आणि आपण चलन भरायचे, ही पद्धत अजूनही चालते. चलन थेट ग्राहकाच्या नेटबँकिंगने भरता येते, त्यामुळे आपल्या खात्यातून तो पैसा जाण्याचे काहीच कारण नाही. ती रक्कम कामगारांच्या पगारातून कापलेली असते आणि ती एक दिवस जरी आपल्याकडे अडकली, तरी फौजदारी तक्रारीपर्यंत प्रकरण जाऊ शकते. आपल्या खात्यात फक्त आपले शुल्क यावे.

कामगारांच्या आधार-पॅनच्या प्रती व्हॉट्सअॅपवर घेण्याची सवयही मोडावी. ग्राहकाने एका सामायिक फोल्डरमध्ये त्या टाकाव्यात आणि काम झाल्यावर आपल्या संगणकावरील प्रती काढून टाकाव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सल्लागारांनाही लागू होतो.

७. मासिक चक्र

१ ते ५ तारीख हजेरी व पगारपत्रक घेणे. ६ ते ९ ताळमेळ. १० पर्यंत ईसीआर चढवून चलन ग्राहकाकडे. १२ पर्यंत भरणा. आणि १३ ते १५ हे दिवस मोकळे. १५ ही शेवटची तारीख आहे. पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती फेब्रुवारी २०१६ पासून बंद झाली; तरीही "वीस तारखेपर्यंत चालते" असे सांगणारे हिशोबनीस आजही भेटतात. शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावते आणि बँकेचे व्यवहार अडकतात, तेव्हा स्वतःची अंतिम तारीख १२ हीच धरावी.

ईसीआरची फाइल साध्या मजकुराची असते. प्रत्येक कामगाराची एक ओळ आणि त्यात #~# या चिन्हांनी वेगळे केलेले अकरा रकाने : यूएएन, नाव, एकूण वेतन, पीएफचे वेतन, पेन्शनचे वेतन, विम्याचे वेतन, कामगाराची वर्गणी, पेन्शनची वर्गणी, मालकाचा फरक, बिनपगारी दिवस आणि परत केलेली आगाऊ रक्कम. बिनपगारी दिवसांच्या रकान्याकडे दुर्लक्ष होते. कामगार महिनाभर गैरहजर असताना तेथे शून्य लिहिले आणि वेतनही शून्य दाखवले, तर पुढे तपासणीत "हजर होता, मग वर्गणी का नाही?" हा प्रश्न येतो. हजेरीपत्रकावरून तो आकडा दर महिन्याला भरावा.

विलंबाची किंमत ग्राहकाला लेखी कळवावी. विलंबावर वार्षिक १२ टक्के दराने व्याज लागते, आणि त्याशिवाय नुकसानभरपाई. ही भरपाई पूर्वी विलंबानुसार वार्षिक ५ ते २५ टक्के होती. जून २०२४ पासूनच्या थकबाकीसाठी ती दरमहा १ टक्का आहे. दर कमी झाल्याने काही मालक निवांत झाले आहेत. त्यांना चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणातील १२ ऑक्टोबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दाखवावा : कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी मुदतीत न भरल्याने त्या रकमेची आयकरातील वजावटच नाकारली गेली होती. म्हणून चलन भरल्याची तारीख ग्राहकाच्या सीएलाही दरमहा कळवण्याची पद्धत ठेवावी.

८. कामगारांच्या नोंदी

१ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन सर्वसाधारणपणे कामगाराने स्वतः उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढायचा आहे. सल्लागाराने कार्यालयात बसून यादीच्या यादी तयार करण्याचे दिवस संपले. भरती होताना गेटवरच हे काम उरकले, तर पुढचा त्रास वाचतो. त्यासाठी ग्राहकाच्या टाइमकीपरला एकदा समोर बसवून शिकवावे. ज्यांच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नाही, त्यांना आधी आधार केंद्रात पाठवावे लागते, हे भरतीच्या यादीतच लिहून ठेवावे.

नावांचा घोळ आपल्याकडे विशेष आहे. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर आधारवर नाव बदललेले, पण पीएफमध्ये माहेरचेच. जन्मतारखेच्या जागी १ जून किंवा १ जानेवारी असलेले कामगार प्रत्येक कारखान्यात सापडतात. नियम एकच ठेवावा : आधारवर जे आणि जसे आहे, तेच पीएफमध्ये. आधारच चुकीचे असेल तर ते आधी दुरुस्त करावे आणि मगच संयुक्त घोषणापत्राचा (कामगार आणि मालक दोघांच्या संमतीने होणाऱ्या दुरुस्तीचा) ऑनलाइन अर्ज करावा. उलट क्रमाने केले, तर तेच काम दोनदा करावे लागते.

नोकरी सोडल्याची तारीख त्याच महिन्यात भरावी. ती राहिली, की कामगाराचा दावा अडतो आणि नवीन मालकाकडे रक्कम वर्ग होत नाही. कामगाराला शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः ती तारीख भरता येते. पण त्याने अंदाजाने भरलेली तारीख आणि नवीन नोकरीची रुजू तारीख एकमेकींवर चढल्या, तर त्याचा निस्तार शेवटी आपल्याकडेच येतो.

एखादे प्रकरण ऑनलाइन हलतच नसेल, तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत "निधी आपके निकट" हे शिबिर भरते. तेथे कागद आणि कामगार दोघांना घेऊन जावे.

९. नोटीस आली तर

नोटीस आल्यावर पहिल्या चोवीस तासांत तीन गोष्टी कराव्यात : मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहावी, उत्तराची मुदत दिनदर्शिकेत नोंदवावी आणि नोटीस कोणत्या कालावधीची व कशाबद्दल आहे, हे ग्राहकाला ईमेलने कळवावे. जुन्या कालावधीच्या बाबतीत १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यातील कलम ७-ए म्हणजे रक्कम ठरवण्याची चौकशी, कलम १४-बी म्हणजे नुकसानभरपाई आणि ७-क्यू म्हणजे व्याज, हे ओळखता यायला हवे. शेवटच्या दोन्हींत बहुधा तक्ता जोडलेला असतो. तो बरोबर आहे असे गृहीत न धरता प्रत्येक चलनाची तारीख ताडून पाहावी.

चौकशीत सर्वाधिक वाद कंत्राटदारांवरून होतात. सुरक्षा रक्षक, हाउसकीपिंग, माल चढवणारे यांचा पीएफ कंत्राटदाराने भरला नाही, तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून कंत्राटदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी त्याच्या ईसीआरमध्ये आपल्या गेटवरील माणसांची नावे आहेत का, हे पाहण्याची शिस्त ग्राहकाला लावावी. नुसते चलन पाहून उपयोग नाही. चलन दुसऱ्याच ठिकाणच्या माणसांचे असू शकते.

आदेश विरोधात गेला, तर वकिलाकडे पाठवण्यास एक दिवसही लावू नये. जुन्या कायद्यात अपिलासाठी ठरवलेल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागत. चार श्रमसंहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत ते प्रमाण २५ टक्के आहे. चौकशी सुरू करण्यासाठी संहितेने पाच वर्षांची मर्यादाही घातली आहे, परंतु म्हणून जुनी पगारपत्रके रद्दीत घालू नयेत. कामगार निवृत्त होताना वीस वर्षांपूर्वीच्या नोंदीचा प्रश्न घेऊन येतो आणि तेव्हा तेच कागद लागतात.

१०. ग्राहक मिळवणे, राखणे आणि सोडणे

जाहिरातीने हे काम मिळत नाही. सीए, कर सल्लागार आणि औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक संघटना हे तीन मार्ग आहेत, आणि त्यांतही सीए सर्वांत खात्रीचे, कारण ऑडिटच्या वेळी चलनांची तारीख त्यांनाच लागते. सीएला मोबदला देण्याऐवजी त्याचे काम वेळेवर करून द्यावे.

सध्या ग्राहक विचारतात ते प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेबद्दल. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात वाढवलेल्या नोकऱ्यांवर मालकाला माणशी दरमहा कमाल ३,००० रुपये मिळू शकतात. पन्नासांहून कमी माणसे असलेल्यांनी किमान दोन आणि त्यापुढील आस्थापनांनी किमान पाच माणसे वाढवून ती सहा महिने टिकवली पाहिजेत. लाभाचा आधार ईसीआर हाच असल्याने येथे नियमित रिटर्नची किंमत मालकाला आपोआप कळते. या लाभाची हमी मात्र कोणालाही देऊ नये आणि त्यातील वाटा शुल्क म्हणून मागू नये.

ग्राहक सोडून जातो, तेव्हा सल्लागाराची परीक्षा होते. शुल्क थकले म्हणून फाइली किंवा पासवर्ड अडवून ठेवण्याची प्रथा आहे. त्यात त्रास कामगारांना होतो आणि तक्रार आपल्यावर येते. शेवटच्या भरलेल्या महिन्याचे चलन, सदस्यांची स्थिती, प्रलंबित दुरुस्त्यांची यादी आणि चालू नोटिसांच्या पुढील तारखा एका पत्रावर लिहून ते पत्र, टोकन असेल तर टोकनसह, पोचपावती घेऊन द्यावे. थकलेल्या शुल्काचे बिल त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात द्यावे.